खान्देशच्या उन्हात जुनी एअर-कूल्ड पोर्शे : निवड, तपासणी आणि सांभाळ

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या वर जातो. अशा गावात रेडिएटरच नसलेली गाडी पाळायची म्हटली की जो तो एकच विचारतो : तापणार नाही का? तापते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाचं तापमान बाहेरच्या हवेच्या हिशेबाने चढतं-उतरतं. २५ अंशांच्या हवेत जे ऑइल ९० वर राहतं, ते आपल्याकडे एप्रिलमध्ये सहज ११० वर दिसतं. पण हे इंजिन नुसत्या हवेवर थंड होत नाही. बरंचसं काम ऑइल करतं, आणि ऑइल कसं थंड ठेवायचं हे पूर्णपणे मालकाच्या हातात असतं. म्हणून गाडी निवडताना, तपासताना आणि चालवताना इथे ऑइलचा विचार आधी करायचा, बाकी सगळं नंतर.

खान्देशची एक बाजू मात्र या गाड्यांना मानवते. हवा कोरडी आहे. मुंबई-कोकणात चार-पाच पावसाळ्यांत जो पत्रा सडतो, तो धुळ्यात वीस वर्षं टिकतो. अर्थात गाडी आधी कुठे राहिली, यावर ते अवलंबून आहे. इंग्लंडमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. तिथून आलेल्या गाडीचा पत्रा आतून गेलेला असू शकतो, आणि आपली कोरडी हवा तो परत आणून देत नाही.

कोणतं मॉडेल घ्यावं

९११ पहिल्यांदा दिसली ती १९६३ च्या फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात, आणि १९६४ पासून ती विकायला आली. हवेवर थंड होणारी तिची शेवटची पिढी, ९९३, १९९८ मध्ये बंद झाली. या चौतीस वर्षांत इंजिन २.० लिटरवरून ३.८ पर्यंत गेलं, पण मांडणी तीच राहिली : मागच्या चाकांच्याही मागे, आडवे सहा सिलिंडर, वर मोठा पंखा.

खान्देशासाठी निवडताना दोन गोष्टी पाहायच्या : कॉम्प्रेशन रेशो (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं) आणि क्रँककेसचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य सांगाड्याचा, धातू.

१९७२-७३ ची २.४ लिटर ही मुळात ९१ ऑक्टेनच्या साध्या पेट्रोलसाठी बनवली होती. टी मॉडेलचा कॉम्प्रेशन ७.५, ई चा ८.० आणि एस चा ८.५. कमी कॉम्प्रेशनचं इंजिन उन्हात नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोकठोक) करत नाही आणि हेडही कमी तापतं. त्यातही युरोपातल्या टी वर झेनिथचे कार्ब्युरेटर आहेत, तर ई आणि एस वर बॉशचा मेकॅनिकल इंजेक्शन पंप. तो पंप सुंदर चालतो, पण बिघडला की महाराष्ट्रात त्याला हात लावणारा सापडणं अवघड. कार्ब्युरेटरची टी ताकदीला १३० अश्वशक्ती एवढीच आहे, पण आपल्या रस्त्यांना ती पुरून उरते. शक्यतो १९७३ ची बघा. १९७२ च्या गाडीत ऑइलची टाकी मागच्या चाकाच्या पुढे आहे आणि तिचं झाकण उजव्या बाजूला बाहेर उघडतं, अगदी पेट्रोलच्या झाकणासारखं. त्या काळी युरोपातही लोकांनी त्यात पेट्रोल ओतलं. आपल्या पंपावरच्या पोराने ओतलं तर त्याला दोष देता येणार नाही.

१९७४ ते ७७ ची २.७ टाळा. क्रँककेस मॅग्नेशियमची आहे, सिलिंडरचा बोअर मोठा आहे, उष्णता जास्त आहे. याचा परिणाम म्हणजे हेड स्टड (हेड बांधून ठेवणारे लांब बोल्ट) क्रँककेसमधून आटे घेऊन वर निघतात. अमेरिकेत गेलेल्या काही गाड्यांना एक्झॉस्टमध्ये थर्मल रिअ‍ॅक्टर होते, त्यांनी तर हेड भाजूनच काढली. स्टीलचे इन्सर्ट बसवून क्रँककेस दुरुस्त केलेली असेल, तसे फोटो आणि बिलं असतील, तरच पुढचं बोलणं. २.४ चीही केस मॅग्नेशियमचीच आहे, पण तिथे उष्णता कमी असल्याने ती तग धरते.

१९७८ ची ३.० एससी आली तेव्हा केस अ‍ॅल्युमिनियमची झाली आणि बॉडी पूर्ण गॅल्वनाइज्ड होती. सुरुवातीच्या १८० अश्वशक्तीच्या एससीचा कॉम्प्रेशन ८.५ आहे, शेवटच्या २०४ वालीचा ९.८. भारतात आधीच नोंदलेली, कागद स्वच्छ असलेली १८० ची एससी मिळाली, तर इथल्या हवेला यापेक्षा चांगली जोडी नाही. १९८४ ते ८९ ची ३.२ कॅरेरा पण दणकट आहे, मात्र युरोपातल्या मॉडेलचा कॉम्प्रेशन १०.३ आहे आणि तिला ९८ ऑक्टेन लागतं. ९६४ आणि ९९३ (९११ च्या पुढच्या दोन पिढ्या) गाड्या म्हणून उत्तम, पण त्यांचा खर्च आणि इलेक्ट्रॉनिक्स हा वेगळाच विषय आहे.

बजेट कमी असेल तर फोक्सवॅगनची कारमान घिया बघा, १९५५ ते ७४ मधली. तिचं यंत्र बीटलचं आहे आणि बीटलचे सुटे भाग व कारागीर भारतात आजही मिळतात. ९१४ (इंजिन मध्यात असलेली दोन सीटांची पोर्शे) स्वस्त दिसते, पण तिची बॅटरी इंजिनाच्या खणात उजवीकडे बसते आणि अ‍ॅसिड गळून खालचा सस्पेन्शनचा आधारच खाल्ला जातो. ९१२ म्हणजे ९११ च्या अंगात ३५६ चं, म्हणजे ९११ च्या आधीच्या पोर्शेचं, चार सिलिंडरचं इंजिन. वजनाला हलकी, चालवायला गोड, पण इंजिनाचे भाग सहा सिलिंडरवाल्याइतकेच महाग पडतात.

कागद आधी, गाडी नंतर

गाडी बघायला जाण्याआधी कागदांचे फोटो मागवा. आयात केलेल्या गाडीसाठी सीमाशुल्क भरल्याचं बिल ऑफ एन्ट्री हवंच. परदेशी पाहुण्यांनी कार्नेवर (गाडी तात्पुरती आणून परत नेण्याच्या कागदावर) आणलेल्या आणि परत न गेलेल्या गाड्या अधूनमधून बाजारात येतात. त्यांच्यावर शुल्क भरलेलं नसतं. अशी गाडी कितीही स्वस्त असो, हात लावू नका.

५० वर्षांहून जुन्या गाड्या आयात करायला २०२५ साली सवलत मिळाली. त्यामुळे २.४ टी बाहेरून आणता येते, पण शुल्क आणि कर धरले की आकडा मूळ किमतीच्या कितीतरी पट होतो. आधी कस्टम ब्रोकरकडून लेखी हिशेब घ्या, मगच विक्रेत्याला इसार द्या. एससी किंवा ३.२ या सवलतीत अजून बसत नाहीत. त्या देशात आधीपासून असलेल्याच शोधाव्या लागतात.

नोंदणीचे दोन रस्ते आहेत आणि त्यातला फरक नीट समजून घ्या. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. फॉर्म २०, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए येतं. पण अशी गाडी फक्त प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि त्यासाठी लागणारं पेट्रोल-दुरुस्ती यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रविवारी सकाळी जळगावहून फर्दापूरला नाश्त्याला जायचं असेल तर ही नोंदणी चालत नाही. त्यासाठी साधी नोंदणी, वेळच्या वेळी नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर हे सगळं करावं लागतं, आणि आयात गाडीचं नूतनीकरण शुल्क देशी गाडीच्या कितीतरी पट असतं.

आणखी एक मेख. व्हिंटेज नोंदणीला चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल चालत नाही. १९७० च्या अंगात ३.२ चं इंजिन घातलेली गाडी पळायला मजेची, पण त्या रांगेत उभी राहू शकत नाही. स्टिअरिंग डावीकडे असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२० प्रमाणे चालू स्थितीतलं सिग्नल देणारं साधन लागतं. तरी सुरतच्या रस्त्यावर केळीच्या ट्रकला ओव्हरटेक करताना डावं स्टिअरिंग म्हणजे अर्धं आंधळेपण. इंग्लंड-ऑस्ट्रेलियासाठी बनलेली उजव्या स्टिअरिंगची गाडी थोडी महाग पडली तरी घ्या.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतः जुळवा. इंजिन नंबर पंख्याच्या उजव्या बाजूला, क्रँककेसच्या उभ्या भागावर कोरलेला असतो. तो तेलकट धुळीखाली लपलेला असतो, रॉकेलने पुसल्याशिवाय दिसत नाही. आकडे असमान खोलीचे असतील किंवा भोवतीचा धातू घासलेला असेल, तर तिथेच थांबा.

पत्रा

इंजिन पैसे टाकून नवं करता येतं. सडलेली बॉडी सरळ करायला जर्मनीत जेवढी मेहनत लागते तेवढीच इथे लागते, आणि तसे हात इथे मोजकेच. म्हणून पहिला तास गाडीखाली घालवा. एक चुंबक, एक जाड स्क्रूड्रायव्हर आणि टॉर्च पुरे.

चुंबक पातळ कापडात गुंडाळून मडगार्डच्या कडा, दाराच्या खालचा पट्टा, पुढच्या-मागच्या काचेच्या कोपऱ्यांवरून फिरवा. जिथे तो धरत नाही तिथे आत पुट्टी आहे. पुढचं झाकण उघडून गालिचा काढा. पेट्रोल टाकी ज्या पत्र्यावर बसते तो आणि पुढचं सस्पेन्शन जिथे टेकतं तो भाग, दोन्ही टोचून बघा. १९६९ ते ७३ च्या ९११ मध्ये दोन बॅटऱ्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांत असतात आणि त्यांचे खोके अ‍ॅसिडने खाल्लेले असतात. मग मागे या : मागच्या सीटखाली आडवी जाणारी टॉर्शन बारची (पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या सळईची) नळी, आणि दाराखालच्या पेटीसारख्या पट्ट्याचा मागचा टोकाचा भाग. हा गेला असेल तर जॅक लावल्यावर दार उघडायला जड जातं. जॅक लावण्याआधी आणि नंतर दार उघडून बघा. ही एका मिनिटाची चाचणी विक्रेत्याच्या सगळ्या बोलण्यापेक्षा खरी.

१९७६ पासूनच्या गॅल्वनाइज्ड बॉडीतही अपघातानंतर वेल्डिंग झालेल्या जागी जस्त जळून गंज धरतो. वेल्डिंगची रेघ सरळ, फॅक्टरीतल्या ठिपक्यांची आहे की हाताने ओढलेली, एवढं बघितलं तरी पुरतं.

इंजिन तपासताना

इंजिन पूर्ण थंड असताना पोहोचा. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. स्टार्ट होताना निळसर धुराचा एखादा झोत चालतो. सिलिंडर आडवे असल्याने थोडं ऑइल खाली साचतं. मिनिटभरानंतरही धूर येत राहिला तर व्हॉल्व्ह गाइड किंवा रिंगा गेल्या आहेत. ३.२ मध्ये गाइडचा त्रास जास्त दिसतो.

सुरू झाल्यावर मागून, दोन्ही बाजूंनी कान द्या. साखळीची खडखड पहिल्या काही सेकंदांनंतरही थांबली नाही तर साखळी ताणून धरणारे चेन टेन्शनर निकामी झाले आहेत. १९८३ पर्यंतच्या गाड्यांत हे टेन्शनर बंदिस्त, स्वतःच्या ऑइलवर चालणारे असतात आणि ते कोसळले की साखळी उडून व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. ३.२ मध्ये आलेले, इंजिनाच्या ऑइल प्रेशरवर चालणारे टेन्शनर जुन्या इंजिनालाही बसतात. बसवले असतील तर कॅम कव्हरकडे जाणारी बारीक ऑइल लाइन बाहेरून दिसते.

ऑइल गरम झाल्यावर प्रेशर गेज बघा. आयडलला एक बारच्या आसपास, आणि दर १,००० फेऱ्यांना पाऊण बार या हिशेबाने वाढायला हवं.

यानंतर पैसे देऊन करायच्या दोन चाचण्या. लीक-डाउन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून किती गळते ते मोजणं : प्रत्येक सिलिंडरची गळती १० टक्क्यांच्या आत उत्तम, २० च्या वर गेली तर इंजिन उघडण्याचा खर्च किमतीतून वजा करा. हवा कुठून येते ते ऐका. एक्झॉस्टमधून आली तर व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा. दुसरी चाचणी हेड स्टडची. खालची व्हॉल्व्ह कव्हर काढा. एससी आणि ३.२ मध्ये खालच्या बाजूचे स्टड डिलाव्हर नावाच्या मिश्रधातूचे असून ते मोडतात. मोडलेल्या स्टडचा नट कव्हरच्या आत सुटा पडलेला सापडतो, किंवा बोटाने हलवला की फिरतो. सहा सिलिंडर, चोवीस स्टड. एक मोडला असेल तर बाकीचे रांगेत आहेत असंच समजायचं.

९१५ गिअरबॉक्स म्हणजे १९७२ ते ८६ च्या गाड्या. पहिल्या-दुसऱ्या गिअरला करकर झाली तर सिंक्रो (गिअर अलगद जुळवणाऱ्या रिंगा) घासले आहेत. थंड असताना थोडी कुरकुर असते, गरम झाल्यावर राहायला नको. १९८७ पासून जी-५० आला आणि हा त्रास संपला.

घरी आणल्यावर पहिल्यांदा पंख्याखालचं बघा

या इंजिनावर पंखा आणि त्याखाली फायबरचा साचा असतो. तो हवा सिलिंडरच्या पात्यांवर ढकलतो. ही पाती बाहेरून दिसत नाहीत, आणि तिथेच खान्देशातला खरा घात होतो. व्हॉल्व्ह कव्हरमधून थोडं ऑइल गळतं, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते, उष्णतेने भाजून तिची वीट होते. जिनिंगच्या हंगामात रस्त्यावर उडणारा कापूस पंखा आत ओढतो. शेडमध्ये उभ्या गाडीत उंदीर त्याच कापसाचं घरटं करतात, आणि ते बरोबर एखाद्या सिलिंडरच्या डोक्यावर असतं. गेजवर काही दिसत नाही, कारण गेज ऑइलचं तापमान दाखवतं, हेडचं नाही. एक सिलिंडर मुकाट्याने भाजत राहतो.

म्हणून पहिल्याच आठवड्यात पंखा आणि साचा काढून पाती मोकळी करा. डिझेल आणि मऊ ब्रश, मग खालून वर हवेचा झोत. साधी पाण्याची प्रेशर गन आधी नको. ओला चिखल पात्यांत आणखी खोल बसतो. परत लावताना इंजिनभोवतीचे पत्रे आणि कडेचं रबर एकही कमी नको. तो रबर इंजिनाच्या वरची थंड हवा आणि खालची गरम हवा वेगळी ठेवतो. रबर फाटलं की पंखा स्वतःचीच गरम हवा परत ओढतो. पंख्याच्या तोंडावर बारीक जाळी लावण्याचा मोह होतो, पण तिने हवा अडते. जाळी फक्त गाडी उभी असताना लावा, आणि स्टिअरिंगला लाल फडकं बांधा म्हणजे काढायची विसरणार नाही.

फॅन बेल्ट अंगठ्याने दाबला की सेंटिमीटर ते दीड सेंटिमीटर खाली जायला हवा. ताण पुलीच्या दोन अर्ध्या भागांमधल्या चकत्यांनी ठरतो. चकती आतून काढून बाहेर लावली की बेल्ट वर चढतो आणि घट्ट होतो. काढलेल्या चकत्या पुलीच्याच बाहेर ठेवायच्या, खिशात नाही. चालताना चार्जिंगचा लाल दिवा लागला तर पुढच्या गावापर्यंत ओढू नका. बेल्ट तुटला असेल तर पंखा बंद आहे आणि हेड काही मिनिटांत जातात. लगेच बाजूला घ्या.

पुढचा ऑइल कूलर हा इथे चैन नव्हे. २.४ टी ला तो मूळचा नसतो, एस ला असतो. उजव्या पुढच्या मडगार्डमध्ये बसणारा, रेडिएटरसारख्या जाळीचा आणि थर्मोस्टॅटिक पंखा असलेला कूलर बसवा. नुसत्या वळलेल्या नळीचा जुना प्रकार आपल्या एप्रिलला अपुरा पडतो. व्हिंटेज नोंदणीची गाडी असेल तर एस चेच मूळ भाग वापरा. ऑइलच्या नळ्या उजव्या दाराखालून जातात. जॅक लावताना तिथे ठोकळा टेकवला की नळी चपटते आणि कूलर नावापुरता राहतो. प्रत्येक टायरवाल्याला हे आधी सांगावं लागतं.

पेट्रोल

आता पंपावर सर्रास ई-२० मिळतं. २० टक्के इथेनॉलने दोन त्रास होतात. जुने रबरी होज मऊ पडतात आणि गळतात, आणि या गाडीत पेट्रोल गळलं की आग लागते, कारण इंजिन मागे आणि गरम भाग जवळ. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी होज इथेनॉल झेपणारे, जे-३० आर-९ शिक्क्याचे घाला. तशा छपाईचा होज मिळाला नाही तर दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नका. क्लॅम्प गोल कडेचे वापरा, पट्टीचे नकोत. दर वर्षी होज हाताने पिळून बघा, वास घ्या.

दुसरा त्रास मिश्रणाचा. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याच जेटवर (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या छिद्रावर) मिश्रण पातळ होतं आणि हेड जास्त तापतं. साधारण ८ टक्के जास्त पेट्रोल लागतं. जेटचा आकडा छिद्राच्या व्यासाचा, शतांश मिलिमीटरमध्ये असतो. ११५ चा मेन जेट असेल तर ११५ चा १२० करा. मग दहा-पंधरा किलोमीटर जोरात चालवून, क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग काढा. पांढरे खडूसारखे असतील तर आणखी एक पायरी वाढवा, फिकट तपकिरी आले की थांबा. सहाही नळ्यांची हवा सिंक्रोमीटरने (हवेचा ओघ मोजणाऱ्या उपकरणाने) सारखी केल्याशिवाय जेटला हात लावून उपयोग नाही.

ऑइल

ऑइल २०डब्ल्यू-५०, झिंकचं प्रमाण चांगलं असलेलं. अगदी नव्या गाड्यांसाठीचं पातळ सिंथेटिक नको. ही ड्राय संप पद्धत आहे, ऑइल वेगळ्या टाकीत राहतं. एससी आणि ३.२ मध्ये एकूण १३ लिटरच्या आसपास असतं, पण बदलताना त्यातलं सगळं निघत नाही. ८ ते १० लिटर निघतं.

गरम असताना दोन जागांहून काढा : क्रँककेसच्या तळाचा बोल्ट आणि टाकीचा बोल्ट. बोल्टच्या चुंबकावर करड्या रंगाची बारीक पेस्ट चालते, चमचमणारे तुकडे नाहीत. तळाच्या गोल झाकणाची जाळी काढून धुवा. त्याचे नट लहान आहेत, जोर लावला तर मॅग्नेशियममधले स्टड उपटून येतात. नवं ऑइल एकदम पूर्ण ओतू नका. आधी ७-८ लिटर घाला, चालवून ९० अंशांपर्यंत आणा, सपाट जागी उभी करून इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघा. इंजिन बंद करून बघितलेला आकडा काही सांगत नाही. दोन खुणांमध्ये साधारण दीड-पावणेदोन लिटरचं अंतर आहे. वरच्या खुणेच्या थोडं खाली ठेवा. जास्त भरलं तर एअर क्लीनरमध्ये जातं आणि मागच्या गाडीला धुराचे ढग दिसतात. नेहमीच्या वापरात १,००० किलोमीटरला लिटरभर खाल्लं तरी घाबरायचं कारण नाही. बदल दर ५,००० किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते.

टॅपेट

दर १५ ते २० हजार किलोमीटरला, इंजिन रात्रभर थंड झाल्यावर. क्लिअरन्स, म्हणजे व्हॉल्व्हपाशी ठेवायची फट, इनटेक-एक्झॉस्ट दोन्हीला ०.१० मिलिमीटर. क्रँकची पुली घड्याळाच्या दिशेने फिरवून तिच्यावरची झेड-वन खूण क्रँककेसच्या जोडावर आणा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर घेरावरच्या खाचेकडे असेल तर सिलिंडर १ तयार आहे, नसेल तर आणखी एक फेरा. मग दर वेळी १२० अंश फिरवत १-६-२-४-३-५ या क्रमाने जा. १३ चा रिंग पाना लॉकनटला, स्क्रूड्रायव्हर मधल्या स्क्रूला. फिलर गेजचं पातं स्क्रूच्या टोकाची फिरती बशी आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये किंचित अडून सरकायला हवं. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतोच, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजा. एक्झॉस्टचे सहा खालून, अंधारात, हात वर करून करावे लागतात आणि पहिल्या वेळी अर्धा दिवस जातो. घट्ट राहिलेला टॅपेट आवाज करत नाही, पण व्हॉल्व्ह जाळतो. सैल राहिलेला नुसता टकटकतो. शंका असेल तर किंचित सैल बरा. ९६४ पर्यंतच्या गाड्यांना हे लागू, ९९३ ला हायड्रॉलिक आहेत.

इथे एक सोय आहे. जुनं ओतीव लोखंडाचं बुलेट ज्याने आयुष्यभर खोललं, त्या मिस्त्रीला ड्राय संप, टॅपेट आणि हवेच्या पात्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. त्याच्या हातात टॉर्क पाना आणि वर्कशॉप मॅन्युअलची संबंधित पानं द्या, अंदाजाने आवळू देऊ नका. चाकांचे नट १३० न्यूटन-मीटर, न्यूमॅटिक गनने नाही. नट अ‍ॅल्युमिनियमचे आहेत. लेथचं काम एमआयडीसीत नीट होतं, पण क्रँककेसचं बोअरिंग किंवा हेडचं सीट कटिंग ज्याने या इंजिनावर आधी केलंय त्याच्याकडेच, पुण्या-मुंबईला पाठवावं लागलं तरी.

चालवताना

स्टार्ट केल्यावर दारात उभी ठेवून गरम करत बसू नका. लगेच हळू निघा, ऑइल ६०-७० अंशांवर येईपर्यंत ३,००० च्या आत ठेवा. पंखा इंजिनाला बांधलेला आहे, म्हणून इंजिन हळू फिरलं की पंखाही हळू. कन्नड घाट, लळिंग किंवा तोरणमाळ चढताना वरच्या गिअरमध्ये कष्टाने रेटू नका. खालचा गिअर टाका आणि ३,००० च्या वर फिरू द्या. आवाज वाढतो, तापमान उतरतं. ऑइल ११० पर्यंत बिनधास्त, १२० ला वेग कमी करा, तरीही चढत राहिलं तर थांबा. मार्च ते जून सकाळी नऊच्या आत घरी परत, हा नियम कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही पण पाळा. शहरातल्या हायवेच्या कोंडीत, दुपारी, आयडलवर उभं राहणं याइतकं वाईट या इंजिनाला दुसरं काही नाही.

वजनाचा साठ टक्के भाग मागे आहे. वळणात घुसल्यावर घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागची बाजू बाहेर फिरते. ब्रेक वळणाआधी सरळ रेषेत मारा, वळणात पाय हलकासा ठेवून बाहेर या. रस्त्यावर वाळू किंवा ट्रॅक्टरने सांडलेला चिखल असेल तिथे तर विशेष.

स्पीडब्रेकरसाठी उंची थोडी वर घ्या. पुढे टॉर्शन बारच्या स्क्रूने होते, मागे दात्यांवर बार फिरवून. नंतर अलाइनमेंट करावंच लागतं. टायर कितीही नवे दिसोत, बाजूवरचे चार आकडे वाचा : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांपुढचे काढा, आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं. १६ इंची चाकांना पुढचे २०५/५५ सहज मिळतात, मागचे २२५/५० मागवावे लागतात.

उभी ठेवताना

पावसाळ्यात गाडी बंद राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा. अर्धवट टाकीत इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि तळाशी पाणी साचतं. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. झाकायला सुती कापड, प्लॅस्टिक ताडपत्री नको. पंधरा दिवसांनी एकदा नुसती पाच मिनिटं चालू करून बंद करणं टाळा. त्याने ऑइलमध्ये पाणी धरतं. चालवायचीच असेल तर ऑइल ८० वर जाईपर्यंत अर्धा तास रस्त्यावर न्या. ब्रेक फ्लुइड डॉट-४, दर दोन वर्षांनी.

पुढच्या डिकीत कायम ठेवायचं सामान : दोन फॅन बेल्ट आणि पुलीचा पाना, दोन लिटर ऑइल, सहा प्लग, पॉइंट-कंडेन्सर, रोटर, क्लच केबल, मीटरभर पेट्रोल होज आणि चार क्लॅम्प, व्हॉल्व्ह कव्हरची एक गॅस्केट जोडी, ३.२ असेल तर जादा डीएमई रिले (इंजिनाच्या कॉम्प्युटरला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा), कारण ती गाडी रस्त्यात अचानक बंद पडली तर बहुतेक वेळा दोष त्या रिलेचाच असतो. आणि हाताशी येईल असा आग विझवण्याचा सिलिंडर, सीटच्या पुढे पक्का बसवलेला.